होमी भाभा : २,७०० व्हॉल्व्हचा संगणक उभारणारा माणूस आणि तुमच्या फोनची झोप

मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की कुलरसमोर बसलेल्या माणसाच्याही हातातला फोन तापतो. व्हिडिओ अडकायला लागतो, चार्जिंग मध्येच थांबतं, स्क्रीन आपोआप मंद होते. फोन बिघडला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो स्वतःला वाचवत असतो. आतल्या प्रोसेसरनं आपला वेग कमी केलेला असतो आणि काम नसेल त्या प्रत्येक क्षणी तो झोपून घेत असतो.

ही झोप यंत्रांना जन्मतः येत नव्हती. भारतात घडवलेल्या पहिल्या पूर्ण आकाराच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाला ती अजिबात येत नव्हती. तो संगणक मुंबईत उभा राहिला, तो उभारायचा निर्णय घेणारा माणूस वयाच्या ५६ व्या वर्षी आल्प्स पर्वतात विमान अपघातात गेला. त्याचं नाव डॉ. होमी जहांगीर भाभा. भाभा म्हटलं की अणुभट्टी आठवते, संगणक कुणाला आठवत नाही. देशाला लागणाऱ्या विजेचा हिशेब ज्यानं मांडला, त्याच माणसाच्या संस्थेत विजेची मोठी भूक असलेलं हे यंत्र तयार झालं. म्हणून त्यांची गोष्ट इथं थोडी वेगळ्या बाजूनं पाहायची आहे.

वडिलांना मुलगा इंजिनीअर हवा होता

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सधन पारशी घरातला. वडील जहांगीर भाभा वकील. आत्या मेहरबाई या जमशेटजी टाटांचे चिरंजीव सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. म्हणजे पोलाद, वीज आणि मोठे उद्योग यांच्या गप्पा घरातच कानावर पडायच्या. कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा रस्ता करत १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले.

घरच्यांचं गणित साधं होतं. मुलानं मेकॅनिकल इंजिनीअरिंग करावं, परत यावं आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं. वऱ्हाडातल्या कुठल्याही घरात आजही होणारा हा संवाद आहे, फक्त कारखान्याच्या जागी पुण्याची आयटी कंपनी येते. भाभांचं मन मात्र भौतिकशास्त्रात अडकलं. त्यांनी घरी पत्र लिहून तसं स्पष्ट कळवलं. वडिलांनी तोडगा काढला : आधी इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग पुढं काय शिकायचं ते शिक. १९३० मध्ये भाभांनी ती अट पूर्ण केली आणि मग गणित व भौतिकशास्त्राकडे वळले.

इंजिनीअरिंगची ती वर्षं वाया गेली असं म्हणता येत नाही. पुढं यंत्र उभं करायचं, इमारत बांधायची, अणुभट्टी बसवायची अशी प्रत्येक वेळ आली तेव्हा या सैद्धांतिक शास्त्रज्ञाला नट-बोल्टची भाषा समजत होती.

१९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आपटून कसे विखुरतात याचं त्याच सुमाराचं त्यांचं गणित आजही भाभा स्कॅटरिंग या नावानं शिकवलं जातं. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. अवकाशातून आलेला एक वेगवान कण हवेत शिरतो, त्यातून दुसरे कण तयार होतात, त्यांतून आणखी, आणि जमिनीजवळ येईपर्यंत त्याचा अक्षरशः पाऊस होतो. एकाचे दोन, दोनाचे चार असं वाढत जाणारं हे प्रकरण कागदावर मोजणं किती जिकिरीचं असतं, हे भाभांना स्वतःच्या हातानं कळलेलं होतं. आकडेमोड करणाऱ्या यंत्राची गरज त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नसणार.

सुट्टीवर आले आणि इथलेच झाले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले. सप्टेंबरात युरोपात महायुद्ध पेटलं आणि परतीचा रस्ता बंद झाला. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन होते. तिथं भाभांना जागा मिळाली आणि विश्वकिरणांच्या संशोधनासाठी वेगळा विभाग सुरू झाला. १९४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते फेलो झाले. तेव्हा त्यांचं वय ३१ होतं.

युद्ध संपल्यावर परत जाणं अवघड नव्हतं. पण १२ मार्च १९४४ ला त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. मूलभूत संशोधनासाठी देशात स्वतंत्र संस्था हवी, असा त्याचा आशय होता. उद्या अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून शोधून आणायची वेळ भारतावर येऊ नये, ते इथंच तयार असावेत, हा मुद्दा त्यात होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून सव्वा वर्षापेक्षा जास्त काळ बाकी होता. दूरदृष्टी हा शब्द वर्तमानपत्रात फार स्वस्तात वापरला जातो. या पत्राबाबत मात्र तो खरा आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, १ जून १९४५ ला बंगळुरूत सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेर मुंबईत आली. जागा होती पेडर रोडवरचा केनिलवर्थ बंगला. हे भाभांच्याच नातलगांचं घर, आणि त्यांचा जन्मही तिथलाच. १९४९ मध्ये संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. दरम्यान ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला होता आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले होते.

संगणक विकत घ्यायचा की घडवायचा?

१९५४ हे वर्ष भाभांच्या आयुष्यात भरगच्च आहे. तुर्भ्याला अणुऊर्जा संस्थेचं काम सुरू झालं, अणुऊर्जा विभाग स्थापन झाला, पद्मभूषण मिळालं, कुलाब्यात टीआयएफआरच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. याच वर्षी संस्थेत एक छोटा गट संगणकाच्या कामाला लागला.

गटात अमेरिकेहून शिकून आलेले आर. नरसिंहन होते. बाकीची बहुतेक मुलं नुकती पदवी घेतलेली होती आणि त्यांनी संगणक वापरणं तर दूर, पाहिलेलाही नव्हता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५५ मध्ये इंग्लंडहून एचईसी-२एम हा संगणक आणून बसवला. देशातला पहिला डिजिटल संगणक तोच. मुंबईत मात्र विकत न घेता घडवायचं ठरलं. संगणकाची रचना आणि बांधणी नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, भाभांनी सोल्डरिंग केलेलं नाही. पण पगार, परदेशी सुटे भाग आणि वेळ या तीन गोष्टी त्यांच्या सहीशिवाय मिळाल्या नसत्या.

१९५६ मध्ये छोटं प्रायोगिक यंत्र चाललं. मग मोठ्या यंत्राचं काम सुरू झालं आणि फेब्रुवारी १९६० मध्ये ते वापरात आलं. सुमारे १८ फूट लांब आणि ८ फूट उंच लोखंडी सांगाडा. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची, ४० बिटचे २,०४८ शब्द मावतील एवढी, म्हणजे आजच्या हिशेबानं सुमारे १० केबी. व्हॉट्सअॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटोसुद्धा त्यात बसणार नाही.

व्हॉल्व्हला झोप का येत नाही?

आजोबांच्या जमान्यातला मोठा रेडिओ ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागायचा, हळूहळू लालसर उजेड दिसायचा आणि मग कुठं गाणं ऐकू यायचं.

व्हॉल्व्हच्या पोटात एक तार असते. ती तापली तरच इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यामुळं व्हॉल्व्ह काम करत असो वा नसो, तार तापतीच ठेवावी लागते. तेव्हाच्या एका सामान्य छोट्या व्हॉल्व्हची तार तापवायला साधारण २ वॅट लागत. त्या हिशेबानं २,७०० व्हॉल्व्हच्या नुसत्या तारा तापत्या ठेवायलाच ५ किलोवॅटच्या वर वीज हवी, म्हणजे शेतावरची सात हॉर्सपॉवरची मोटार सतत सुरू ठेवल्यासारखं. यात प्रत्यक्ष आकडेमोडीची वीज धरलेलीच नाही. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते, आणि ती बाहेर काढायला एसी लावावा लागतो. त्या एसीची वीज परत वेगळी.

मग काम नसताना बंद का करायचा नाही? तिथंच मेख होती. विजेचा दिवा जसा बहुतेक वेळा बटण दाबतानाच उडतो, तसे व्हॉल्व्ह तापताना आणि थंड होताना जास्त बिघडायचे. अमेरिकेतल्या एनिअॅक या सुमारे १८,००० व्हॉल्व्हच्या संगणकाबाबत हा अनुभव प्रसिद्ध आहे. तो साधारण १५० किलोवॅट वीज खायचा, तरी तो शक्यतो बंद करत नसत, कारण बंद करून परत सुरू केला की चार-दोन व्हॉल्व्ह गेलेच म्हणून समजा. रिकामा बसला तरी पूर्ण पगार, अशी ही नोकरी होती.

आता एक हिशेब करून पाहू. आजच्या चांगल्या स्मार्टफोनच्या एका चिपमध्ये हजार कोटींच्या घरात ट्रान्झिस्टर असतात. प्रत्येकाच्या जागी २ वॅटचा व्हॉल्व्ह ठेवला तर २०,००० मेगावॅट वीज लागेल. अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. म्हणजे एका फोनसाठी ४० पारस.

ठिबकचा कॉक आणि प्रोसेसरची डुलकी

हे शक्य कसं झालं? ट्रान्झिस्टर अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९४७ च्या डिसेंबरात जन्मला होता. त्याला तापवावं लागत नाही. मुंबईतला संगणक पूर्ण होत होता त्याच सुमारास अमेरिकेत ट्रान्झिस्टरवर चालणारे मोठे संगणक बाजारात येत होते. १९६३ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत फ्रँक वॉनलास यांनी सीमॉस ही रचना पुढं आणली. तिच्यात दोन प्रकारचे ट्रान्झिस्टर जोडीनं बसवतात. एक उघडा असेल तेव्हा दुसरा बंद. त्यामुळं स्थिर बसलेल्या जोडीतून वीज वाहायला रस्ताच राहत नाही. शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होताना तेवढा घोट लागतो. आजचे बहुतेक सगळे प्रोसेसर याच पद्धतीचे आहेत.

वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला हे पटकन कळेल. व्हॉल्व्हचा संगणक म्हणजे पाटानं पाणी देणं, झाडाला हवं असो वा नसो, पाणी वाहतंच. सीमॉस म्हणजे ठिबक.

पण ठिबकचंही गणित असतं. प्रोसेसरमध्ये एक घड्याळ असतं, ते सेकंदाला अब्जावधी ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याला आतले भाग हलतात. ज्या भागाला काम नाही त्याला ठोका पोचूच द्यायचा नाही, ही पहिली युक्ती. बागेच्या एका तुकड्याचा कॉक बंद करण्यासारखं. दुसरी युक्ती वेग आणि व्होल्टेज दोन्ही उतरवायची. विजेचा वापर वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलतो. दोन्ही २० टक्क्यांनी कमी केले तर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१२. वेग पाचव्या हिश्शानं कमी झाला, पण वीज जवळपास निम्मी वाचली. फोनमधला बॅटरी सेव्हर प्रोसेसरचा वेग आवरतो तेव्हा हाच फायदा मिळतो.

आणखी एक कटकट आहे, गळती. ट्रान्झिस्टर इतके बारीक झालेत की बंद असतानाही त्यांतून थोडी वीज झिरपते, आणि तापमान वाढलं की ही गळती वाढते. म्हणून अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात फोनची दुहेरी पंचाईत होते : बाहेरच्या गरमीनं गळती वाढते, गळतीनं आतली गरमी वाढते. यावर एक उपाय म्हणजे त्या भागाचा वीजपुरवठाच तोडायचा. मात्र तसं केलं की त्या भागाला आपण काय करत होतो हेही आठवत नाही. ते आधी दुसरीकडे लिहून ठेवावं लागतं, जागं झाल्यावर परत वाचावं लागतं.

म्हणून प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या असतात. त्यांना सी-स्टेट म्हणतात. सी० म्हणजे जागा. सी१ म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी, हाक मारली की लगेच उठणार. त्यापुढं जसजसा आकडा वाढतो तसतशी झोप गाढ होते आणि उठायला वेळ लागतो. सी६ मध्ये तर त्या कोअरची वीज जवळपास काढूनच घेतलेली असते. किती वेळ काम येणार नाही याचा अंदाज ऑपरेटिंग सिस्टीम सतत बांधत असते आणि त्यानुसार पायरी ठरवते. आपण दोन अक्षरं टाइप करतो त्यांच्या मधल्या वेळेतही प्रोसेसर अनेकदा झोपून उठलेला असतो.

पूर्ण संगणकाच्या झोपेची पायरी वेगळी. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं त्यासाठी पहिला समान नियम आणला, आणि डिसेंबर १९९६ मध्ये तोशिबाला सोबत घेऊन एसीपीआय हे मानक आणलं. त्यातली एस३ म्हणजे आपण ज्याला स्लीप म्हणतो ती. सगळं बंद, फक्त रॅमला धुगधुगीपुरती वीज. एस४ म्हणजे हायबरनेट. रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडायची. वऱ्हाडात हा फरक कामाचा आहे. डेस्कटॉप स्लीपला टाकून चहाला गेलात आणि लाईट गेली, तर न सेव्ह केलेलं काम गेलं. हायबरनेट केलेला असेल तर लाईट दोन तासांनी येवो की दुसऱ्या दिवशी, सगळं जिथल्या तिथं सापडतं. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून तिथं स्लीप चालून जातं.

फोनच्या बाबतीत झोपेची किंमत आकड्यात दिसते. ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास वीज मावते. फोन सतत ४ वॅट खात राहिला तर ती पाच तासही पुरणार नाही. तोच सरासरी वीसाव्या भाग वॅटवर पडून राहिला तर पंधरवडाभर पुरेल. बॅटरी चांगली की वाईट यापेक्षा फोनला किती झोप मिळते, हा प्रश्न मोठा. रात्रभर मागे चालू राहणारं एखादं अॅप ती झोप मोडतं आणि सकाळी बॅटरी उतरलेली दिसते.

वेग वाढवत राहायचा, गरमीचं नंतर पाहू, हा रस्ताही उद्योगानं करून पाहिला. २००४ मध्ये इंटेलनं आपला पुढचा अतिवेगवान प्रोसेसर रद्द केला, कारण वीज आणि उष्णता आवरत नव्हती. त्यानंतर एका चिपवर अनेक कोअर आणि नको त्यांना झोपवणं, हाच मार्ग राहिला.

विजेचा हिशेब मांडणारे भाभा

परत भाभांकडे. ज्या काळात त्यांच्या संस्थेत व्हॉल्व्ह तापत होते, त्याच काळात ते एका वेगळ्या हिशेबात होते : देशाला वीज कुठून मिळणार? कोळसा आणि पाणी किती दिवस पुरतील? भारतात युरेनियम थोडं आणि थोरियम भरपूर, म्हणून तीन टप्प्यांचा अणुऊर्जा कार्यक्रम त्यांनी आखला. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणूच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, तिचे अध्यक्ष भाभा होते. तिथं त्यांनी भाकीत केलं की हायड्रोजनच्या संमीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळवण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल. हे भाकीत चुकलं. सत्तर वर्षं झाली, संमीलनाची वीज अजून घराघरात आलेली नाही.

बाकी बरंच खरं ठरलं. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्यात अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. तारापूरच्या प्रकल्पाचा अमेरिकेशी करार १९६३ मध्ये झाला. ते केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, तेव्हा भाभा नव्हते.

स्वभावानं ते साधेसुधे नव्हते. चित्रं काढायचे, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं वेड होतं, कपड्यांपासून बागेपर्यंत सगळ्यात चोखंदळ. लग्न केलं नाही. टीआयएफआरच्या भिंतींवर त्या काळच्या भारतीय चित्रकारांची चित्रं लावली. इमारतीच्या आड येणारी मोठी झाडं तोडायची नाहीत, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायची, असा त्यांचा आग्रह असे. अशा कामावर सरकारी पैसा का, असा प्रश्न तेव्हाही पडला असेल. गरीब देशात एवढा थाट कशाला, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

नाव मिळालं तेव्हा यंत्र म्हातारं झालं होतं

जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कुलाब्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं आणि संगणकाचं नाव टिफ्रॅक ठेवलं गेलं, संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. पण तोवर व्हॉल्व्हचं युग संपत आलं होतं. घडवायला लागलेल्या पाच-सहा वर्षांत जग पुढं निघून गेलं होतं. १९६४ मध्ये टीआयएफआरनं अमेरिकेहून ट्रान्झिस्टरवर चालणारा सीडीसी ३६०० हा संगणक आणला आणि टिफ्रॅकचं काम संपत आलं.

मग सगळा खटाटोप फुकट गेला का? पैशाच्या हिशेबात कदाचित हो. भाभांनी मात्र विकत घेण्याआधी घडवण्यातून जी माणसं तयार केली, ती पुढं उरली. सीडीसी आला तेव्हा तो फक्त वापरणारे नाही, आतून समजणारे लोक इथं होते. १९६३ मध्ये, चीन युद्धाच्या धक्क्यानंतर, देशाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गरजा तपासायला सरकारनं समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद भाभांकडे दिलं. रेडिओपासून रडारपर्यंत आणि सुट्या भागांपासून संगणकापर्यंत काय लागेल, किती लागेल, इथं काय बनवता येईल, याचा तो हिशेब होता. अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पाहायला भाभा नव्हते.

२४ जानेवारी १९६६

भाभा व्हिएन्नाला निघाले होते, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी. मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं कांचनजंगा नावाचं बोइंग ७०७ विमान सकाळी जिनिव्हाला उतरायच्या तयारीत असताना माँ ब्लाँ शिखराजवळ डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले.

या अपघाताभोवती घातपाताच्या कहाण्या आजही व्हॉट्सअॅपवर फिरतात. फ्रान्समध्ये झालेल्या चौकशीचा निष्कर्ष साधा आणि म्हणूनच जास्त चटका लावणारा आहे. विमानातला दिशा दाखवणारा एक रिसीव्हर नादुरुस्त होता. रडारवरच्या नियंत्रकानं शिखराच्या संदर्भात विमानाची जागा सांगितली, वैमानिकाला वाटलं शिखर मागं पडलं, आणि त्यानं विमान खाली घ्यायला सुरुवात केली. एका वाक्याचा अर्थ लावण्यातली गफलत.

पुढच्या वर्षी, जानेवारी १९६७ मध्ये, तुर्भ्याच्या संस्थेला भाभा अणु संशोधन केंद्र हे नाव मिळालं. त्याच वर्षी हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया सुरू झाली आणि तिनं देशी संगणक बनवले. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग आला, त्याच सुमारास इलेक्ट्रॉनिक्स खातंही, आणि त्या खात्याच्या छत्राखाली १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक. तिथं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. तो उभारणाऱ्या गटाचे प्रमुख डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. टिफ्रॅक सुरू झाला तेव्हा ते १३ वर्षांचे होते.

मुंबईत मलबार हिलवरचा भाभांचा मेहरांगीर हा बंगला २०१४ मध्ये ३७२ कोटी रुपयांना विकला गेला. तो स्मारक म्हणून जपावा अशी मागणी झाली होती, पण २०१६ मध्ये तो पाडला गेला.

आल्प्समधल्या बोसों हिमनदीतून मात्र त्या विमानाच्या वस्तू अजूनही वर येत असतात. २०१२ मध्ये टपालाची एक पिशवी सापडली. २०२० च्या उन्हाळ्यात बर्फ वितळलं तेव्हा जवळच एका उपाहारगृहाच्या मालकाला भारतीय वर्तमानपत्रांचा गठ्ठा मिळाला. वाळवल्यावर अक्षरं वाचता येत होती. जानेवारी १९६६ चे अंक होते, पहिल्या पानावर इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी.